अर्ध्या निळ्या, अर्ध्या कोऱ्या

अमरावतीत सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या घोळक्यात माझं नाव ‘प्रतिकारशक्तीवाल्या मॅडम’ असं पडलं आहे. कोरोना आला आणि हे नाव चिकटलं. त्याआधी मी नुसती एक निवृत्त डॉक्टरीण होते आणि लोक मला गुडघ्यांबद्दल विचारत. आता विचारतात, मॅडम, प्रतिकारशक्ती वाढवायला काय खावं? मी सांगते, भाकरी, वरण, पालेभाजी खा, नीट झोपा, लशी वेळेवर घ्या. हे ऐकून त्यांची फार निराशा होते. एवढं शिकलेली बाई काहीतरी काढा, काहीतरी मुळी सांगेल अशी अपेक्षा असते. एका गृहस्थांनी तर मुलाची प्रतिकारशक्ती उत्तम असल्याचं प्रमाणपत्र मागितलं. लग्नाच्या बायोडाटाला जोडायचं होतं. मी म्हटलं, मुलगा पस्तिशीपर्यंत धडधाकट पोचला, तोच पुरावा समजा. ते अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

खरं म्हणजे ज्यांची प्रतिकारशक्ती ठणठणीत आहे अशा लोकांशी माझा धंद्यापुरता कधी संबंधच आला नाही. ज्यांच्यात जन्मापासून तिचा एखादा भाग बसवायचाच राहून गेलेला असतो, अशी मुलं शोधण्यात माझी नोकरी गेली. वऱ्हाडात हे काम मी सुरू केलं तेव्हा निदान माझ्या माहितीत ते दुसरं कुणी करत नव्हतं. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही असं लिहायची पद्धत आहे. मी मोठेपणा म्हणूनच सांगते आहे.

माझं बालपण मूर्तिजापूरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं. वडील रेल्वेत होते. आम्ही बौद्ध, आणि शिकायचं हे आमच्या घरात ठरवावं लागत नसे, ते ठरलेलंच होतं. प्रश्न फक्त कुठवर एवढाच असे. मी एम.बी.बी.एस. झाले, पॅथॉलॉजी केलं आणि मुंबईच्या एका संशोधन संस्थेत काही वर्षं रोगप्रतिकारशास्त्र शिकले. तिथे राहायची संधी होती. पण तिथे येणाऱ्या मुलांची गावं मी वाचायची. पुणे, सुरत, नाशिक, मुंबईची उपनगरं. आमच्याकडचं गाव क्वचितच. वऱ्हाडातली मुलं काही वेगळ्या मातीची नव्हती. ती आजारी पडत होती आणि कुणी ओळखायच्या आतच जात होती. मी अकोल्यातल्या एका मेडिकल कॉलेजात जागा धरली आणि परत आले.

तिथल्या विभागप्रमुखांनी मला चहा पाजला आणि समजावलं. इथे पोरं हगवणीने मरतात, टीबीने मरतात, कावीळ आहे, सिकलसेल आहे. लाखात एखाद्याला होणाऱ्या आजारामागे लागायला इथे कुणाला वेळ आहे? माणूस वाईट नव्हता आणि म्हणणंही अगदीच खोटं नव्हतं. मी म्हटलं, सर, टीबी म्हणून मेलेल्यांतली किती खरोखर टीबीने मेली, हे कुठे आपल्याला माहीत आहे? ते हसले आणि मला भांडाराशेजारची एक खोली दिली. खोलीत एक टेबल, एक नळ आणि एक जुना मायक्रोस्कोप होता. दिव्याऐवजी खाली आरसा असलेला. खिडकीतलं ऊन आरशावर घ्यायचं आणि काम करायचं. वऱ्हाडात उन्हाला तोटा नाही.

आता कामाबद्दल थोडं. जंतू शरीरात शिरला की रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याला गिळतात, हे शाळेत शिकवतात. गिळल्यावर त्याला मारावंही लागतं, हे सांगायचं राहून जातं. चांगली पेशी जंतू पोटात घेतला की आत एक प्रकारची आग पेटवते आणि त्याला जाळते. काही मुलांच्या पेशींत ही आग पेटतच नाही. पेशी गिळते, पण जंतू आत जिवंतच राहतो. शरीर मग त्याच्याभोवती गाठ बांधतं, ती पिकते, फुटते, दुसरीकडे नवी उठते. मानेला, काखेत, यकृतात, फुप्फुसात. वरून बघणाऱ्याला ते टीबीसारखं दिसतं.

याची तपासणी बघायला फार सुंदर आहे. एक पिवळा रंग असतो. रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा, पांढऱ्या पेशी काचेला चिकटू द्यायच्या, त्यांना तो रंग पाजायचा आणि अंगाच्या उबेइतक्या उबेत थोडा वेळ ठेवायचं. आग पेटली तर पिवळा रंग गडद निळा होतो. नाही पेटली तर पेशी कोरीच राहते. मात्र रक्त ताजं हवं. शिळ्या रक्तात चांगल्या पेशीही रुसून बसतात.

ही तपासणी मी त्या खोलीत मांडली आणि पहिले बरेच महिने फक्त निळ्याच पेशी पाहिल्या. विभागप्रमुख अधूनमधून डोकावून विचारत, सापडला का एखादा? मग वंदना आली.

वंदना मूर्तिजापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. अकोल्यात माझी एक बालरोगतज्ज्ञ मैत्रीण होती, तिने तिला चिठ्ठी देऊन पाठवलं होतं. सोबत सासू होती, कौसाबाई, आणि कडेवर चार वर्षांचा सूरज. मुलाच्या मानेवर गाठी कापल्याचे व्रण होते, एका काखेतही मोठा व्रण होता. जन्मल्यावर टीबीची लस दिली, तिथूनच काखेत गाठ आली आणि पिकली. त्यानंतर टीबीची औषधं दोनदा पूर्ण झाली होती. आता यकृतात गळू होतं. त्याच्याआधीचे दोन मुलगे असेच गाठी आणि तापाने गेले होते. मधली एक मुलगी, पल्लवी, मात्र ठणठणीत होती.

कौसाबाईंनी आधी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्या जराशा थांबल्या, मग म्हणाल्या, लय शिकल्या तुमी. यात कौतुक किती आणि बाकीचं किती, हे मी मोजत बसले नाही. मग त्यांनी सुनेकडे न बघता सांगून टाकलं की ही घरात आल्यापासून पोरगा टिकत नाही. त्या हे रागाने बोलल्या नाहीत, पाऊस कमी झाला म्हणावं तसं बोलल्या. वंदना खाली बघून मुलाच्या सदऱ्याची गुंडी लावत होती. गावात तिला बारशाला बोलवत नव्हते, हे मला नंतर कळलं.

मी वंदनाला विचारलं, “तुह्या माहेरी लहानपणी कोणी मुलगे गेले काय?”

तिने मान हलवली. नाही म्हणाली.

रक्त घेतलं, दोघी बाहेर गेल्या. थोड्या वेळाने वंदना एकटीच परत आली. सासूला सांगून आली होती, पाण्याची बाटली राहिली. बाटली तिच्या हातातच होती. दारातच उभी राहून ती हळू आवाजात म्हणाली, “माहा एक भाऊ गेला, मॅडम. अन् आईचे दोन भाऊ. समदे असेच, गाठीनं. सासूसमोर कसं सांगू?” एवढं बोलून ती गेली.

मी तिने सांगितलेलं लगेच कागदावर काढलं. कारण ती जे सांगून गेली, तो या आजाराचा नकाशाच होता. मुलगे आजारी पडतात, आणि आजार येतो तो धडधाकट दिसणाऱ्या आईकडून, तिच्या आईकडून, तिच्याही आईकडून.

सूरजची काच आरशावरच्या उन्हात पाहिली. एकही पेशी निळी नव्हती. मला आधी वाटलं, रंग बिघडला. म्हणून शेजारच्या काचेवर माझंच रक्त होतं ते पाहिलं, तर माझ्या पेशी शाईत बुडवल्यासारख्या. दुसऱ्या दिवशी ताजं रक्त घेऊन पुन्हा केलं. तेच. मुंबईला नमुना न पाठवता, या खोलीत, या टेबलावर मी तो आजार डोळ्यांनी पाहत होते. मग वंदनाची काच लावली. तिच्यात दोन्ही प्रकारच्या पेशी होत्या. एक निळी, शेजारची कोरी, मग दोन निळ्या, मग पुन्हा कोरी. पुस्तकात वाचलेलं होतं, पण असं कधी पाहिलं नव्हतं. मला फार आनंद झाला. इतकी वर्षं ज्याच्यासाठी घालवली ते समोर होतं. आणि तो आनंद अंगात असतानाच लक्षात आलं की या बाईला मी आता सांगणार आहे की आजार तिच्याकडूनच आला. गाव जे म्हणत होतं, तेच मी कॉलेजच्या टेबलावरून म्हणणार होते.

मी तिला एकटीला बोलावलं. बाहेर कौसाबाई आणि वंदनाचा नवरा गजानन सूरजला घेऊन बसले होते. मी तिला समजेल तसं सांगितलं. बाईच्या प्रत्येक पेशीत या गोष्टीचे दोन साचे असतात, एक आईकडचा, एक बापाकडचा. पेशी एकच वापरते, दुसरा मिटून ठेवते. तिच्या शरीरात आईकडून आलेला साचा बिघडलेला आहे. तिच्या ज्या पेशी तो वापरतात त्या कोऱ्या राहतात, ज्या दुसरा वापरतात त्या लढतात. लढणाऱ्या अर्ध्या तिला पुरतात. मुलाला मात्र एकच साचा मिळतो, आईचा. चांगला मिळाला तर मुलगा धड, बिघडलेला मिळाला तर सूरज.

ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, “म्हणजे माह्यापासूनच आलं.”

मी म्हटलं, आलं. पण तू दिलं नाहीस. तुलाही तसंच आलं, जसे तुझे डोळे आईसारखे आले.

मग मी तिच्यापुढे एक पर्याय ठेवला. घरच्यांना आजार सांगायला हवा, कारण औषध रोज द्यायचं आहे आणि घरात काही गोष्टी बदलायच्या आहेत. पण तो कुणाकडून आला, हे त्यांना सांगायलाच हवं असं नाही. ते फक्त आपल्या दोघींत राहू शकतं.

कापूस वेचायला उन्हात गेलं की आपले गाल लालभडक होतात आणि तोंड येतं, असं वंदनाने मला आधी सांगितलं होतं. बिघडलेला साचा बाळगणाऱ्या बायकांना असा त्रास होतो, आणि ते गाल आताही तसेच दिसत होते. मग तिने असं काही विचारलं की मला माझा पर्याय मागे घ्यावा लागला. तिची धाकटी बहीण ज्योती अचलपूरला दिली होती आणि तिला सातवा महिना लागला होता. पहिलंच बाळंतपण. तिच्यातही हे असेल काय? मी म्हटलं, असू शकतं. तिला मुलगा झाला तर? मी म्हटलं, तिच्यात असेल तर त्याच्यातही असू शकतं. आणि जन्मल्या जन्मल्या त्याला तीच लस देतील, जिने सूरजच्या काखेत गाठ आणली. ती लस इतर प्रत्येक मुलाला हवी, पण अशा मुलाला ती चालत नाही.

“मंग सांगा,” वंदना म्हणाली. “समद्यायसमोर सांगा. माह्या घरात लपवलं अन् तिच्या घरात सांगतलं, असं थोडंच होते.”

मी बाहेरच्यांना आत बोलावलं. गजाननला आणि कौसाबाईंना तिन्ही काचा दाखवल्या, माझी, सूरजची, वंदनाची. कौसाबाईंना एक डोळा मिटणं जमेना, त्यांनी पदराने झाकून पाहिलं. मी पुन्हा सगळं सांगितलं. संपल्यावर त्या म्हणाल्या, “म्हणजे आमी म्हनत होतो ते खरंच होतं. दोष हिच्यातच हाय.”

मी म्हटलं, आजी, दोष आहे, पण त्यात तिचा गुन्हा नाही. आणि गावात म्हणतात तसा तो तिच्या पायात नाही, रक्तात आहे. पायातल्या दोषाला औषध नसतं. याला आहे.

गजानन भिंतीकडे बघत होता. कौसाबाईंनी एकच प्रश्न विचारला, “हे पोट्टं वाचते काय?”

मी म्हटलं, वाचेल असं मी लिहून देणार नाही. पण दोन औषधं रोज, न चुकता दिली, ताप आला की घरी न बसता इथे आणलं, आणि त्याला कुटारापासून, शेणखतापासून, कुजक्या पालापाचोळ्यापासून लांब ठेवलं, तर वाचायची चांगली आशा आहे. कुटारात बुरशी असते. तुमच्या-माझ्या पेशी ती श्वासागणिक जाळून टाकतात. याच्या फुप्फुसात ती घर करेल.

वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या घरात कुटार नको म्हणणं म्हणजे काय, हे मला माहीत होतं. तुरीचं, सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, अंगणाला लागून रचलेलं, तिथेच बैल बांधलेले, पोरं त्यावर उड्या मारत मोठी होतात. मला वाटलं, इथेच सगळं अडणार. कौसाबाईंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, “मंग कुटार हलवतो.”

आणि खरंच हलवलं. बैल शेतातल्या गोठ्यात गेले, अंगण खरवडून तिथे फरशी आली. गाव विचारायचं, काहून हो कौसाबाई, जनावरं काहून हलवली? त्या सांगायच्या, आमच्या नातवाले चालत नाई. त्यांनी सुनेची माफी वगैरे मागितली नाही. टोमणे मारणंही पूर्ण सोडलं नाही. पण रोजचं औषध त्या स्वतः द्यायच्या आणि गोळी गिळेपर्यंत समोरून हलायच्या नाहीत.

आता अचलपूर. वंदनाने बहिणीकडे निरोप धाडला, गजानन स्वतः जाऊन आला. ज्योतीचा नवरा दिनेश अचलपूरला लागूनच असलेल्या परतवाड्यात दुकान चालवायचा. त्याने ऐकून घेतलं आणि सांगितलं, तुमच्या घरचं तुमच्या घरी ठेवा. माणूस सरळ होता, पण घाबरला होता. दोन मुलगे गमावलेली बाई आपल्या पहिल्या बाळंतपणाबद्दल काही सांगते आहे, हेच त्याला अशुभ वाटलं. ज्योतीला अकोल्याला तपासायला पाठवायलाही त्याने नकार दिला.

मग मी मायक्रोस्कोपच तिकडे न्यायचं ठरवलं. रक्त आणून उपयोग नव्हता, एस.टी.च्या प्रवासात ते शिळं झालं असतं. ज्योतीचं नाव परतवाड्यातल्या ज्या दवाखान्यात घातलं होतं, तिथल्या वयस्क डॉक्टरीणबाईंना मी फोन केला. त्यांनी हा आजार पाहिला नव्हता, पण ऐकून घेतलं. म्हणाल्या, लस थोडी उशिरा दिली तर काही बिघडत नाही, पण घरच्यांनी मागितली तर मी कशी अडवू? बाळाच्या आईने सांगितलं तर थांबवते.

मे महिन्यात ज्योती बाळंत झाली. मुलगा. निरोप आला त्याच सकाळी मी आणि वंदना अकोट, अंजनगावमार्गे निघालो. मायक्रोस्कोप लाकडी पेटीत, पेटी माझ्या मांडीवर. रंगाच्या कुप्या थर्मासमध्ये बर्फात. वंदना पूर्ण प्रवासभर एक हात पेटीवर ठेवून होती, प्रत्येक खड्ड्याला तिची बोटं घट्ट व्हायची. मी बसमध्ये एकच गोष्ट घोकत होते, उशीर झालेला नसू दे.

झाला नव्हता. नर्स लस घेऊन आली होती आणि ज्योतीने तिला परत पाठवलं होतं. नवऱ्याने समजावलं, सासऱ्यांनी समजावलं. ती एवढंच म्हणत राहिली की माझी बहीण आल्याशिवाय टोचायचं नाही. बाळाला कुशीत घट्ट धरून ती खाटेवर बसून होती. वंदनाला पाहिल्यावर तिने बाळ तिच्याकडे दिलं आणि मग रडली.

डॉक्टरीणबाईंनी मला खिडकीजवळचं टेबल दिलं. दवाखान्यात वीज गेलेली होती आणि त्याचं मला काहीच नव्हतं. आरशाला ऊन भरपूर होतं. उबेच्या पेटीचीही गरज पडली नाही. मुंबईत ज्यासाठी आम्ही यंत्र वापरायचो, ते अचलपूरकडचा मे महिना फुकट देतो. उलट तापमान वर जात होतं, म्हणून काचा ज्यात ठेवल्या होत्या तो ओल्या कापसाचा डबा मी थर्मामीटर बघत बघत पाण्याच्या माठाजवळ सरकवत होते. माझ्या साऱ्या संशोधनातली मला सर्वांत आवडलेली युक्ती हीच. ती कुठल्याही शोधनिबंधात छापून आली नाही.

ज्योतीची काच वंदनासारखीच निघाली, अर्धी निळी, अर्धी कोरी. बाळाच्या काचेवर मी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. सगळ्या कोऱ्या.

मी सांगितलं तेव्हा दिनेश बाहेर व्हरांड्यात गेला. मी त्याच्या मागे जायला उठले तर वंदनाने मला खूण करून बसवलं आणि ती गेली. दार उघडंच होतं, आम्हाला ऐकू येत होतं.

“दिनेशभाऊ,” ती म्हणाली, “माही दोन लेकरं मी मातीत घातली. त्याईले काय झालं होतं, हे मले कोणी सांगतलं नाई. कोणाले ठाऊकच नव्हतं. तुमाले पहिल्याच दिवशी समजलं. तुमी माह्यावर राग धरा, पन पोराले ते इंजेक्शन देऊ नका.”

तो काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने आत आला आणि त्याने मला विचारलं की औषध परतवाड्यात मिळतं की अकोल्याहून आणावं लागेल. मी म्हटलं, इथेच मिळतं. तो चिठ्ठी घेऊन लगेच आणायला गेला. संध्याकाळच्या गाडीने आम्ही परत निघालो, तेव्हा त्याने मायक्रोस्कोपची पेटी स्वतः उचलून स्टँडवर आणून दिली.

त्या पोराला ती लस कधी टोचली गेली नाही. पुढे मुंबईला त्याला दुसऱ्याच्या हाडातला मगज देऊन नव्या पेशी मिळाल्या. आज त्याच्या पेशी निळ्या होतात. मी स्वतः पाहिल्या आहेत. सूरजला जुळणारा मगज मिळाला नाही. तो गोळ्यांवरच मोठा झाला, मध्ये दोनदा बुरशीने फुप्फुस धरलं, दोन्ही वेळा निभावलं. मूर्तिजापुरात त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे आणि तो माझ्यापेक्षा जाड आहे.

विभागप्रमुखांना मी परतल्यावर काचा दाखवल्या. ते बराच वेळ बघत बसले. दुसऱ्या दिवशी माझ्या खोलीच्या दारावर त्यांनी पाटी लावून घेतली आणि एक मदतनीस दिली. त्यानंतर बुलडाणा, वाशीम, यवतमाळकडून मुलं यायला लागली. टीबीची औषधं घेऊन थकलेली, दर महिन्याला न्यूमोनिया होणारी, लसीनंतर गाठी आलेली. सगळ्यांत हाच आजार नव्हता. काहींच्यात दुसरंच काही राहून गेलेलं होतं आणि ते शोधायला मला पुन्हा शिकावं लागलं. माझ्याकडे शिकलेल्या मुली आज मोठ्या यंत्रांवर हे काम तासाभरात करतात. त्या आरशाच्या मायक्रोस्कोपला हसतात, आणि मी त्यांना हसू देते.

खंत आहे. अनेक मुलं माझ्या टेबलापर्यंत उशिरा आली. काचेवर उत्तर दिसायचं तेव्हा ते मुलाच्या उपयोगाचं उरलेलं नसे. अशा आयांना मी काय सांगत असे? नाव सांगत असे. तुझ्या मुलाला काय झालं होतं, त्याचं नाव. काहींनी ते नाव कागदावर मागून नेलं. त्याचं त्यांनी काय केलं, मला माहीत नाही.

निवृत्त होऊन मी अमरावतीला आले. कॉलेजने तो जुना मायक्रोस्कोप मोडीत काढला तेव्हा मी तो मागून घेतला. रंगाची एखादी कुपी माझ्या विद्यार्थिनी अजून पाठवतात. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी दारात पल्लवी उभी, वंदनाची ती ठणठणीत मुलगी. इथेच एका क्लासमध्ये गणित शिकवते. अठरा पूर्ण झाल्यावर तिने स्वतःहून तपासून घेतलं होतं. तिच्या पेशी आईसारख्याच. सोबत निखिल नावाचा मुलगा होता, दर्यापूरकडचा, कृषी खात्यात नोकरीला. दोघांनी लग्न ठरवलं होतं. साखरपुडा व्हायचा होता.

चहा झाल्यावर पल्लवी म्हणाली, मॅडम, मी याला सगळं सांगितलं आहे. मुलगा झाला तर काय, मुलगी झाली तर काय, पोटात असतानाच तपासता येतं ते, औषधं, मगज, सगळं. हा प्रत्येक वेळी म्हणतो, चालते. पण ऐकणं वेगळं. त्याने एकदा डोळ्यांनी बघावं, मग काय ते ठरवावं. उद्या कुणी म्हणायला नको की आम्हाला माहीत नव्हतं.

निखिल अवघडून बसला होता. मी त्याला विचारलं, तुझी इच्छा आहे का? तो म्हणाला, तिची आहे तर माझी आहे.

पल्लवीने बोट पुढे केलं. मी गच्चीवर, उन्हात टेबल मांडलं. हात आता पूर्वीसारखे स्थिर नाहीत, तरी काच चांगली उतरली. वेळ झाल्यावर आरसा फिरवून ऊन घेतलं, नजर जुळवली आणि निखिलला बसवलं. तो बराच वेळ बघत राहिला. मी सांगितलं, ज्या निळ्या दिसताहेत त्या लढणाऱ्या, शेजारच्या कोऱ्या आहेत त्या लढू न शकणाऱ्या.

त्याने डोळा न काढताच विचारलं, “यातल्या हिच्या कोणत्या?”

“समद्या माह्याच हायेत,” पल्लवी म्हणाली.

निखिलने मान वर केली, तिच्याकडे पाहिलं. मग खुर्ची आणखी पुढे ओढली, काच जराशी सरकवायला मला सांगितली, आणि राहिलेल्या पेशी बघायला पुन्हा डोळा लावला.